दहापैकी नऊ

झोम्बा
११ मार्च १९९६

प्रिय एलुबे,

तुझा पहिला गठ्ठा काल बसच्या कंडक्टरने आणून दिला. दोन निबंध आणि गणितांचा एक कागद, ज्यावर कुणीतरी बटाट्याची भाजी सांडली आहे. कुणी ते मी विचारत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. गेल्या वर्षी तू दोनच पेपरांत आपटलीस, निबंध आणि गणित. नोव्हेंबरमध्ये हे दोन काढलेस की शिक्षिकांच्या कॉलेजला अर्ज करता येईल, आणि माझ्यानंतर आपल्या घरात खडू धरणारं कुणीतरी होईल. आपल्यात बहिणीची पोरं ही मामाची जबाबदारी. तू पुन्हा नापास झालीस तर लोक तुझ्या बापाला नाही, मला हसतील. तेहतीस वर्षं मास्तरकी केली ती म्हातारपणी हसं करून घ्यायला नाही.

आता निबंध. स्पष्टीकरणाचा निबंध म्हणजे ज्याने एखादी गोष्ट पाहिलेली नाही त्याला ती समजावून सांगणं. त्याची प्रस्तावना तीन वाक्यांची. पहिल्यात ती गोष्ट काय आहे, दुसऱ्यात तिचं महत्त्व काय, तिसऱ्यात पुढे तू काय काय सांगणार आहेस. संपलं. तुझा विषय ‘विहिरीचं पाणी कसं शुद्ध करावं’, आणि प्रस्तावनेच्या सातव्या वाक्यापर्यंत तुझी आजी आजारी पडून वारतेसुद्धा! पाणी अजून उकळलेलं नाही. ‘मी’, ‘मला’, ‘माझी’ हे शब्द स्पष्टीकरणात नकोत. परीक्षक तुझा नातेवाईक नाही.

अंकगणिती श्रेढीची गणितं पुस्तकातून उतरवू नकोस. घरातल्या वस्तूंवरून स्वतः तयार कर. पहिलं पद कोणतं, दोन पदांमधला सामान्य फरक किती, पदं किती, बेरीज किती, एवढं नीट मांडलंस की उत्तर आपोआप येतं.

आणि हो, पत्रात फक्त अभ्यास. घरच्या कुरबुरी एकदा सुरू झाल्या की कागद पुरत नाही.

तुझा मामा,
लामेक

*

काम्पान्झे, डेड्झा
२ एप्रिल १९९६

प्रिय मामा,

कागदावर नमस्काराला गुडघे टेकता येत नाहीत, पण मी टेकले आहेत असं समजा.

भाजी फोस्तिनो मामांनी सांडली. मी त्यांच्याबद्दल तुम्हाला काही लिहिलंय का ते बघायला ते कागद घेऊन जेवायला बसले होते. आता गठ्ठा तेच बांधतात आणि तेच बसवर नेतात. म्हणतात, “थोरल्या भावाकडे जाणारी वस्तू माझ्या हातून गेली पाहिजे.” आई म्हणते, असू दे, तेवढंच काम करतो.

प्रस्तावना पाठवते आहे. आजीला यात घेतलेलं नाही.

‘मातीची भांडी भाजणे म्हणजे कच्च्या भांड्यांना आगीत पक्के करणे. भाजल्याशिवाय भांड्यात पाणी राहत नाही, त्यामुळे हे काम करणाऱ्या बाईची बोटे भाजून त्यांना काही कळेनासे होते, माझ्या आईची झाली आहेत तशी. या निबंधात भांडी कशी रचतात, आग कशी लावतात आणि ती किती वेळ ठेवतात हे सांगितले आहे.’

मोजून तीन वाक्यं!

गणित: आईच्या भट्टीत खालच्या थरात २३ मडकी, त्यावर १९, त्यावर १५, असे सहा थर. एकूण मडकी किती? पहिलं पद २३, सामान्य फरक ४, बेरीज १९८.

तुमची,
एलुबे

*

झोम्बा
२० एप्रिल १९९६

प्रिय एलुबे,

एकशे अठ्ठ्याण्णव मडकी! अगं, सामान्य फरक उणे चार. तू तो अधिक धरलास. तुझ्या हिशेबाने सहाव्या थरात त्रेचाळीस मडकी येतात, म्हणजे भट्टी वर फुगत गेली आणि तुझ्या आईच्या डोक्यावर कोसळली. थर लहान होत जात असतील तर फरक उणे, हे भिंतीवर कोळशाने लिहून ठेव. बरोबर बेरीज ७८.

प्रस्तावनेचा सांगाडा चांगला जमला आहे. पण दुसऱ्या वाक्यात आईची बोटं पुन्हा घुसली आहेत. लाल रेघ मारली आहे. बोटांना काही कळेनासं होणं हे दुःख आहे, स्पष्टीकरण नाही. परीक्षकाला भांडं भाजायला शिकव, रडायला नको.

दहापैकी सहा.

तुझी मामी विचारते आहे की तिकडे थंडी सुरू झाली का. झाली असेलच.

तुझा मामा

*

काम्पान्झे
१९ मे १९९६

प्रिय मामा,

भिंतीवर कोळशाने लिहिलं. आईने पुसायला लावलं. मग दाराच्या मागे लिहिलं.

नवीन गणित पाठवते. आमच्याकडे एक पाहुणे येतात. त्यांचं नाव डायसन. सलीमाचे आहेत, ट्रकने इथले बटाटे तिकडच्या बाजारात नेतात. पहिल्या रविवारी त्यांनी साखरेचं १ पाकीट आणलं, दुसऱ्या रविवारी ३, तिसऱ्या रविवारी ५. आई चहात साखर घालत नाही, तरी ती पाकिटं घेते. फोस्तिनो मामा चहात पाच चमचे घालतात. पहिलं पद १, सामान्य फरक २. मामा, हे असंच चालू राहिलं तर कितव्या रविवारी घरात कुणाला बसायलासुद्धा जागा उरणार नाही?

हे मला सोडवता आलं नाही.

बाकी बरंच लिहिण्यासारखं आहे, पण ते अभ्यासातलं नाही म्हणून लिहीत नाही.

तुमची,
एलुबे

*

झोम्बा
३ जून १९९६

प्रिय एलुबे,

गणिताची कल्पना मजेशीर आहे, पण माहिती अपुरी. घराची लांबी-रुंदी दिलेली नाही, पाकिटाचा आकार दिलेला नाही, मग उत्तर कुठून येणार? ज्या श्रेढीत फरक अधिक असतो ती आपणहून थांबत नाही. पदं किती ते गणित मांडणाऱ्याने सांगायचं असतं. दहाव्या रविवारी किती पाकिटं, असं विचारलं असतंस तर १९ हे उत्तर आलं असतं. सोपं आहे.

अभ्यासाबाहेरचं लिहिण्याचा मोह आवरलास हे वाचून बरं वाटलं. ही शिस्त पुढे वर्गात उपयोगी पडेल.

आता जरा अवघड काम देतो. आपल्या लोकांमधली एखादी रीत निवड आणि परक्या माणसासाठी तिची प्रस्तावना लिही. ‘मी’ चुकूनसुद्धा नको. आपण ज्या गोष्टीत बुडालेले असतो ती बाहेर उभं राहून सांगता आली, की निबंध आला.

तुझा मामा

*

काम्पान्झे
३० जून १९९६

प्रिय मामा,

तुम्ही सांगितलंत तसं बाहेर उभं राहून लिहिलं आहे.

‘चेवा लोकांत लग्न मुलगा आणि मुलगी ठरवत नाहीत, तर त्यांचे मामा ठरवतात: मुलाच्या बाजूने मुलीच्या थोरल्या मामाला एक कोंबडा दिला जातो, आणि त्याने तो ठेवून घेतला की लग्न पक्के होते. म्हणून मुलीने पुढे कुठे राहायचे, शिकायचे की नाही, हे सगळे त्या मामाच्या एका शब्दावर अवलंबून असते. या निबंधात कोंबडा कसा पाठवतात, मामाला तो नको असेल तर कसा परत करतात, आणि परत करायला किती दिवस मिळतात हे सांगितले आहे.’

या गठ्ठ्यासोबत जे येतं आहे ते मी पाठवलेलं नाही. फोस्तिनो मामा सुतळी घेऊन उभे आहेत, म्हणून जास्त लिहीत नाही.

मामा, या वेळी नीट वाचाल ना?

एलुबे

*

झोम्बा
८ जुलै १९९६

प्रिय एलुबे,

नीट वाचाल ना म्हणे! आजवर तुझा एक स्वल्पविराम माझ्या नजरेतून सुटला आहे का?

शाबास. तुझ्या सगळ्या प्रस्तावनांमध्ये ही सर्वांत चांगली. पहिल्या वाक्यात रीत काय ते स्पष्ट, दुसऱ्यात महत्त्व, तिसऱ्यात पुढचा आराखडा. ‘मी’ कुठेही नाही, आजी नाही, बोटं नाहीत. परक्या माणसाला सगळं कळेल. फक्त तिसऱ्या वाक्यातला कोंबडा परत करण्याचा भाग अनावश्यक आहे. इतकी वर्षं झाली, परत केलेला कोंबडा मी पाहिलेला नाही. जे घडतच नाही ते समजावण्यात शाई कशाला घालवायची? तेवढ्यासाठी एक गुण कापला.

दहापैकी नऊ.

आणि हो, कोंबडा पोचला. कंडक्टरने टपावरून उतरवला तेव्हा जरा गरगरलेला होता, पण तब्येतीने उत्तम. आनंदाने स्वीकारला. तुझ्या मामीने टोमॅटो घालून केला आणि आम्ही हाडंसुद्धा सोडली नाहीत. तू पाठवलेला नाहीस हे मला कळलंच होतं, तुझ्या आईचं काम. तिला सांग एवढा त्रास घेऊ नकोस. पण खरं सांगू का, नोकरीत होतो तेव्हा दर सत्राच्या शेवटी पालकांचे कोंबडे यायचे, आणि निवृत्त झाल्यापासून मास्तरची आठवण कुणाला राहिली नव्हती. फार बरं वाटलं.

आता निबंधाचा मधला भाग सुरू करू. चार आठवड्यांत मला दोन पूर्ण निबंध हवेत.

तुझा मामा

*

झोम्बा
२६ ऑगस्ट १९९६

एलुबे,

सात आठवडे झाले. गठ्ठा नाही, चिठ्ठी नाही. मी तीनदा बस स्टँडवर जाऊन आलो. कंडक्टर मला लांबून पाहूनच मान हलवतो.

नऊ गुण मिळाले आणि डोक्यात हवा गेली, असंच ना? हे मी पुष्कळ पाहिलं आहे. मुलगी हुशार असते, एकदा पाठ थोपटली की वही बंद करते. नोव्हेंबरला आता किती दिवस राहिले ते तूच मोज, श्रेढीसुद्धा लागणार नाही त्याला.

माझा गुडघा धरला आहे, नाहीतर येऊन कान धरला असता. उलट बसने लिही.

मामा

*

काम्पान्झे
९ सप्टेंबर १९९६

आदरणीय दादा,

तुमचं एलुबेला आलेलं पत्र मी फोडलं, कारण ती इथे नाही. रागावू नका, सगळं आनंदाचं आहे.

तुम्ही कोंबडा स्वीकारल्याचं पत्र जुलैत आलं, त्यातली कामाची वाक्यं मी दोन्ही घराण्यांच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवली. ‘आनंदाने स्वीकारला’ म्हटल्याबरोबर बायकांनी किलकाऱ्या मारल्या. ‘हाडंसुद्धा सोडली नाहीत’ म्हटल्यावर डायसनचे मामा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. म्हणाले, शिकलेला माणूस, पण मन मोकळं आहे.

रीतीप्रमाणे त्यांनी स्वतः तुमच्याकडे येऊन, चटईवर बसून, तोंडाने विचारायला हवं होतं, हे मला ठाऊक आहे. पण झोम्बा लांब, आणि त्यांच्या ट्रकची घाई. मीच म्हटलं, बस रोज जाते, कोंबडा पाठवून देऊ. दादांना सगळं समजतं. आणि बघा, समजलंच.

दहा ऑगस्टला लग्न झालं. तुमचा गुडघा म्हणून तुमच्या जागी मी उभा राहिलो आणि आपल्या बाजूची कोंबडी दिली. जावयाने आपल्या गावात राहायला यायचं सोडून मुलीला सलीमाला न्यायची परवानगीही तुमच्या नावाने मीच दिली. तुम्हाला आमंत्रण पाठवलं होतं, ते डायसनच्या ड्रायव्हरने पोचवलं नाही असं आता कळतंय. गाढव आहे.

ताई बरी आहे.

तुमचा धाकटा,
फोस्तिनो

*

झोम्बा
१६ सप्टेंबर १९९६

प्रिय एलुबे,

हे पत्र मी सलीमाच्या पत्त्यावर, टपालाने, पाकीट चिकटवून पाठवतो आहे.

फोस्तिनोचं पत्र काल आलं. तेव्हापासून तुझे कागद जमिनीवर पसरून बसलो आहे. साखरेची पाकिटं वाचली. ‘मामाला तो नको असेल तर कसा परत करतात’ हे वाचलं. त्याखाली माझी लाल रेघ आहे, पट्टी लावून मारलेली. वाचवा म्हणून तू मला हाक मारत होतीस आणि मी तुझ्या हाकेला गुण दिले, पोरी.

मला वाटलं कोंबडा मास्तरला आला. बसच्या टपावर बांधून आलेला कोंबडा म्हणजे मागणी, हे माझ्या डोक्यात आलं नाही, कारण मागणी माणसं घेऊन येतात. ही सबब आहे आणि ती खरी आहे. तरी तू तीन वाक्यांत सगळं लिहून दिलं होतंस आणि मी ते वाचलं नाही. फक्त तपासलं.

अजून काही बिघडलेलं नाही. आपल्यात मुलीचा थोरला मामाच लग्नाचा जामीन असतो, तेव्हा बैठक बोलावण्याचा हक्कही माझाच. मी काठी घेऊन सलीमाला येईन, डायसनच्या मामांसमोर बसेन, माझी चूक सांगेन. हसले तर हसू दे. परीक्षेच्या यादीत तुझं नाव आहे. तू एक शब्द लिही, मी निघतो.

तुझी मामी कालपासून माझ्याशी बोललेली नाही. बरोबरच आहे तिचं.

लामेकमामा

*

सलीमा
१३ ऑक्टोबर १९९६

प्रिय मामा,

तुमचं पत्र ट्रकच्या गॅरेजमध्ये पडून होतं, म्हणून उशीर. आता गठ्ठा बांधायला कुणी उभं नाही, तेव्हा सरळ लिहिते, आणि ‘मी’ घालून लिहिते.

कोंबडा खाल्लात त्याचं मला काहीच वाईट वाटलं नाही. कोंबडा काय, कुणीही खाल्ला असता. पण ते पत्र फोस्तिनो मामांनी वाचून माझ्या हातात दिलं तेव्हा मी पहिल्यांदा गुण बघितले. दहापैकी नऊ. मास्तरच्या कोंबड्यांचं वाचून वाटलं, मामा गमतीत बोलतायत, त्यांना सगळं कळलं. ज्यांच्या नजरेतून स्वल्पविराम सुटत नाही त्यांच्या नजरेतून मी कशी सुटेन? त्यांनी वाचलं, विचार केला आणि उत्तर लिहिलं की परत करायचं कारण नाही. मी ते वाक्य रात्रंदिवस घोकलं. तुम्हीच इतक्या वर्षांत असा कोंबडा पाहिला नाही म्हणताय, तर मग मीच कोण मोठी लागून गेले?

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. आई मला विहिरीवर घेऊन गेली होती. मला म्हणाली, “बाई गं, तुझ्या मनात नसेल तर आत्ता सांग. मी फोस्तिनोच्या तोंडाला तोंड देईन, साखर त्याच्या अंगावर फेकेन.” मामा, ती खरंच करणार होती. आणि मीच तिला म्हटलं, “थोरल्या मामांना चालतंय ना? मग मलाही चालतंय.” तिने घागर उचलली.

आता डायसनबद्दल. त्यांना वाईट ठरवू नका. पहाटे उठून चूल तेच पेटवतात. मला परीक्षा द्यायची होती हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कळलं तेव्हा म्हणाले, “मग बस ना परीक्षेला, मी ट्रकने सोडतो.” दोन दिवस मी पुन्हा श्रेढी मांडत बसले होते. उणे फरक आता चुकत नाही.

पण मला दिवस गेले आहेत. पास झाले तरी कॉलेज पोटुशी मुलीला घेत नाही, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. नुसतं पास होऊन कागद कुणाला दाखवू? ट्रकला?

बैठक बोलावू नका. आई सगळ्यांसमोर हो म्हणाली आहे, तिला खाली बघायला लावू नका. मला शिक्षिका व्हायचं होतं. फार व्हायचं होतं, मामा. हे मी कुणाला असं सांगितलंच नव्हतं, कारण ते तुम्हाला ठाऊक आहे असं मी धरून चालले होते.

मामीला नमस्कार. इथे उकाडा फार आहे आणि माशांचा वास केसांतून जात नाही.

एलुबे

*

डेड्झा
१५ नोव्हेंबर १९९६

प्रिय एलुबे,

मी डेड्झात आहे. तू बैठक बोलावू नका म्हणालीस, ते ऐकलं. पण परीक्षेच्या दिवशी घरी बसवेना. मामी म्हणाली, “जा, नाहीतर इथे येरझाऱ्या घालून माझं डोकं फिरवाल.” काल सकाळी निबंधाचा पेपर होता. मी शाळेच्या व्हरांड्यात खिडकीपाशी उभा राहिलो. शिपायाने हटकलं, मग म्हातारा मास्तर आहे म्हटल्यावर एक स्टूल आणून दिलं.

प्रश्न मी नंतर पाहिले. कुठलाही तुला अडला नसता. हे लिहू की नको असा विचार केला, पण तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही.

पर्यवेक्षक तरुण होता, नीटनेटका, पट्टी जवळ ठेवणारा. त्याने तुझं नाव पुकारलं. थांबला, पुन्हा पुकारलं. मग पट्टी ठेवून नावावर लाल रेघ मारली आणि पुढचं नाव घेतलं. मान वर केली नाही. मला त्याचा असा राग आला की खिडकीतून काठी घालून त्याला ढोसावं. तिचं नाव एलुबे आहे, ती सलीमाला आहे, तिला सगळं येतं, असं ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही. कारण तोवर लक्षात आलं होतं की तो मुलगा माझ्यासारखाच आहे. तेहतीस वर्षं मी अशाच रेघा मारल्या. मुली यायच्या बंद व्हायच्या आणि मी पट्टी ठेवून रेघ मारायचो, आणि रेघ सरळ आली की पुढच्या नावाकडे जायचो. त्यातल्या एकीच्याही घरी मी कधी गेलो नाही. त्यांनी जाण्याआधी मला काय काय लिहून दिलं असेल, देव जाणे. मी सगळ्यांना गुण दिले असणार.

पेपर सुटल्यावर मुलं बाहेर आली, ओरडत, एकमेकांना उत्तरं विचारत. मी सगळी जाईपर्यंत बसून राहिलो. शिपाई स्टूल न्यायला आला तेव्हा उठलो.

काल रात्री तुला पाठवलेल्या माझ्या सगळ्या पत्रांची उजळणी केली. मला माझी पत्रं पाठ असतात, हा माझा आणखी एक दुर्गुण. तुझं उत्तर चुकलं की बरोबर, वाक्य लांब की आखूड, गठ्ठा आला की नाही, सगळं मी विचारलं आहे. तिकडे थंडी पडली का हेसुद्धा विचारलं आहे. एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला, तो आता विचारतो. उत्तर कितीही वाक्यांचं चालेल.

एलुबे, तू कशी आहेस?

मामा